बातमी घेऊन कुणी जायचं?

येरवड्याचं नाव वर्तमानपत्रात कुठल्या बातमीत सापडतं, हे पुणेकराला सांगावं लागत नाही. कारागृहात रवानगी, कारागृहातून सुटका, मनोरुग्णालयातल्या गैरसोयी, वस्तीतली मारामारी, नदीला पाणी आलं की शांतीनगर. याच येरवड्यात सम्राट अशोक पथावर कॉमरझोन आहे, विमानतळ रस्त्यावर बिझनेस बे आहे, रोज हजारो माणसं तिथे कामाला येतात. पण तिथल्या एखाद्या कंपनीची चांगली बातमी आली की ती 'पुण्यातील कंपनी' होते, फार तर कल्याणीनगरची. गुन्हा घडला की मात्र तो येरवड्यातला.

हे निरीक्षण पोळी-भाजीचा व्यवसाय करणाऱ्या एका बाईंचं. लक्ष्मीनगरात भाड्याच्या गाळ्यात त्यांचं स्वयंपाकघर आहे. वस्तीतल्याच बायका तिथे कामाला येतात आणि आसपासच्या कार्यालयांना दुपारचे डबे आणि पोळ्या जातात. त्यांचे मामा एका मराठी दैनिकाच्या शहर डेस्कवरून निवृत्त झालेले. त्यांच्या हाताखाली मी बातमी लिहायला शिकले. भाचीला आपल्या व्यवसायाची बातमी छापून यायला हवी होती, म्हणून तिनं प्रेसनोट लिहिली आणि मामांच्या हातात दिली. तिथून जो वाद सुरू झाला तो मी इथे मांडते आहे. दोघांचंही म्हणणं मला खरं वाटतं आणि कुणा एकाच्या म्हणण्यानं काम भागत नाही असंही वाटतं.

नोटेची सुरुवात अशी होती : 'महिला सक्षमीकरणाच्या क्षेत्रात अग्रगण्य असलेल्या आमच्या संस्थेने अथक परिश्रमांतून यशाची पाच वर्षे पूर्ण केली असून, दर्जेदार व रुचकर सेवेमुळे ग्राहकांचा उत्स्फूर्त प्रतिसाद लाभत आहे.' मामांनी लाल पेन घेतलं. 'अग्रगण्य' गेलं, 'अथक' गेलं, 'दर्जेदार व रुचकर' गेलं, 'उत्स्फूर्त' गेलं. शेवटी त्या वाक्यात 'पाच वर्षे' तेवढं राहिलं.

मामा : आता सांग, यात बातमी कुठे आहे?

भाची : पाच वर्षं पूर्ण झाली, ही नाही का?

मामा : ती तुझ्या घरातली गोष्ट झाली. वर्धापनदिन प्रत्येक दुकानाचा येतो. कात्रजला राहणाऱ्या माणसानं सकाळी चहा घेताना ते का वाचावं?

भाची : मामा, मी पण रोज पेपर वाचते. अमक्या बिल्डरच्या प्रकल्पाचं भूमिपूजन, तमक्या सराफाच्या शाखेचं उद्घाटन, हॉटेलात केक कापताना दहा जण. त्यात कात्रजच्या माणसाचं काय असतं? त्यांच्याकडे पीआर एजन्सी असते, एवढंच. माझ्याकडे ती नाही म्हणून माझ्या नोटेत तू बातमी शोधतोस.

मामा : त्या छापून येतात हे खरं, आणि येऊ नयेत हेही खरं. दुसऱ्याला फुकट जागा मिळाली म्हणून मलाही द्या, असं म्हणणार का तू?

भाची : मला फुकट जागा नको. माझं म्हणणं ऐकून तरी घ्या, एवढंच मागतेय. ऐकल्यावर नाही म्हणा.

मामांचा पिंड जुन्या डेस्कचा. बातमी बातमीदारानं शोधायची असते, चालत आलेल्या बातमीकडे संशयानंच पाहायचं, हे त्यांच्या हाडीमांसी भिनलेलं आहे. त्यासाठी ते नेहमी नानासाहेब परुळेकरांचा दाखला देतात.

मामा : १ जानेवारी १९३२ ला परुळेकरांनी पुण्यात 'सकाळ' काढला. अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेला माणूस, पण पेपर काढला तो या गावाचा. नगरपालिका, पाणी, शाळा, बाजार. बातमीदार गावात फिरायचे. त्याच वर्षी सप्टेंबरात तुझ्या या येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींचं उपोषण झालं, २४ तारखेला पुणे करारावर सह्या झाल्या. पेपर जेमतेम नऊ महिन्यांचा होता आणि साऱ्या देशाची बातमी गावातच घडत होती. तरी तो पेपर पुढे टिकला तो गल्लीतल्या बातम्यांवर. आणि त्या बातम्या कुणी पाकिटात घालून आणून देत नव्हतं.

भाची : तेव्हा फिरायचे. आता कोण फिरतं? लक्ष्मीनगरात बातमीदार कधी येतो सांगू? आग लागली की, नाहीतर निवडणूक आली की. उद्योगाचं पान बघणारा मुलगा चार बीट सांभाळतो आणि वर व्हिडिओही करतो, हे तूच मागे सांगितलंस. तो गुंजन चौकातून आत वळून माझ्या गाळ्यापर्यंत कधी पोचणार? मी त्याच्याकडे गेले नाही, तर त्याच्या लेखी मी नाहीच.

इथे मी भाचीच्या बाजूनं बोलले. बातमीदार फिरत होते तो काळ मीही थोडाफार पाहिला आहे आणि तो परत यावा असं मनापासून वाटतं. पण तो येईपर्यंत छोट्या व्यावसायिकांनी वाट पाहत बसावं, हा सल्ला त्यांच्या गळ्याशी येणारा आहे. बातमी शोधायला कुणी निघत नसेल तर मोठ्यांचा आवाज तेवढा पोचतो, कारण तो पोचवणारी पगारी माणसं त्यांच्याकडे असतात. शुद्ध तत्त्वाची किंमत अशा वेळी गाळ्यातल्या माणसाला मोजावी लागते.

भाचीनं मग इतिहासातलाच दाखला काढला. मामांच्या कपाटातली पुस्तकं तिनं लहानपणी सुट्टीत वाचलेली आहेत.

भाची : 'केसरी'नं स्वदेशी मालाची बाजू घेतली ना? तळेगावला पैसा फंडाचा काच कारखाना १९०८ साली उभा राहिला, त्याला टिळकांचं आणि त्यांच्या पेपरचं पाठबळ होतं. किर्लोस्करांनी तर १९२० साली किर्लोस्करवाडीहून स्वतःचंच मासिक सुरू केलं, 'किर्लोस्कर खबर'. नांगर बनवणाऱ्या कारखान्याचं मासिक! तेव्हा उद्योगानं आपली गोष्ट आपण सांगितली तर ते पाप नव्हतं. मला मासिक काढणं परवडत नाही, म्हणून मी तुमच्या दाराशी येते.

मामा : दाखले चांगले काढलेस. पण दोन्हींत काय होतं ते नीट बघ. पैसा फंड म्हणजे लोकांनी पैसा-पैसा करून जमवलेला निधी. त्यातून काय उभं राहिलं हे कळणं त्या लोकांचा हक्क होता, म्हणून ती बातमी. आणि 'किर्लोस्कर खबर' शंकरराव किर्लोस्करांनी आमचा नांगर किती छान, एवढंच सांगत चालवलं असतं, तर कारखान्याच्या फाटकाबाहेर कुणी वाचलं नसतं. त्यांनी ते वाचकाचं केलं. पुढे 'स्त्री' निघालं, 'मनोहर' निघालं, घराघरात गेलं. तुझ्या नोटेत तूच आहेस. वाचक कुठे आहे?

यावर भाची बराच वेळ काही बोलली नाही. मग तिनं मोबाइल काढला आणि आलेला एक मेसेज मामांना दाखवला. कुणी तरी तिला 'पॅकेज' देऊ केलं होतं. ठरावीक रकमेत तीन ठिकाणी बातमी, एका पुरवणीत फोटोसह मुलाखत, शिवाय एका संकेतस्थळावर कायमचा दुवा. मजकूर तिनंच द्यायचा आणि तो जसाच्या तसा छापला जाणार.

भाची : हे घेतलं असतं तर 'अग्रगण्य' पण छापून आलं असतं.

मामा : आलं असतं. घेतलं का नाहीस?

भाची : त्या पैशात मला कणीक मळायचं मशीन येतं.

पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांच्या विषयावर मामा हळवे होतात आणि मला त्याचं कारण माहीत आहे. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत महाराष्ट्रात उमेदवारांचं कौतुक बातमीच्या रूपात विकलं गेल्याचं उघड झालं. प्रेस कौन्सिलनं दोन सदस्यांची उपसमिती नेमली. तिचा सविस्तर अहवाल कौन्सिलनं २०१० मध्ये स्वतःच बाजूला ठेवला, आणि केंद्रीय माहिती आयोगाच्या आदेशानंतर २०११ मध्ये तो लोकांपुढे आला. व्यवसायाच्या बातम्यांत तर हा रोग आधीपासून होता. काही मोठ्या माध्यम समूहांनी कंपन्यांचे शेअर घेऊन त्या बदल्यात जाहिरात आणि प्रसिद्धी देण्याचे करार केले होते. असा हितसंबंध असेल तर तो बातमीसोबत वाचकाला सांगा, असा दंडक सेबीच्या सूचनेवरून प्रेस कौन्सिलनं २०१० साली घातला. लहान गावांत आणि उपनगरांत तर आणखी साधं गणित असतं. बातम्या पाठवणाऱ्या वार्ताहराला मानधन नावापुरतं, आणि दिवाळीच्या नाहीतर वर्धापनदिनाच्या पुरवणीसाठी जाहिराती आणल्या तर त्यावर कमिशन. ज्याच्याकडे तुम्ही बातमी घेऊन जाता तोच महिन्याभरानं जाहिरात मागायला येतो. तो माणूस वाईट नसतो, त्याचं घर त्यावर चालतं. पण मग तुमची बातमी त्यानं कशासाठी घेतली हे त्यालाही नीट सांगता येत नाही.

मामा : म्हणून म्हणतो, पैसे देऊन छापायचं असेल तर राजरोस जाहिरात दे. चौकटीत, तुझ्या नावानं, वर 'जाहिरात' असं लिहून. त्यात कमीपणा नाही. वाचकाला फसवायचं नाही.

भाची : जाहिरातीनं बँकेतला साहेब ओळखत नाही, मामा. कर्जाच्या फायलीला पेपरचं कात्रण लावलं की बोलणं वेगळं होतं. कंपनीतला अॅडमिनवाला मला 'ताई, उद्या या' म्हणतो. पेपरात नाव आलेल्या बाईला बसायला सांगतो. हे मी पाहिलंय. छापील बातमीची ही किंमत तुम्ही आत बसणाऱ्यांना कळत नाही.

हे ऐकताना मामांचा चेहरा बदलला. कात्रण म्हणजे काही लोकांसाठी पत असते, हे त्यांनी या बाजूनं कधी पाहिलं नव्हतं. मलाही वाटतं, आपण बातमीदार मंडळी प्रसिद्धीच्या हव्यासाबद्दल फार सहज बोलतो. ज्याला समाजात आधीच पत आहे त्याला प्रसिद्धी ही हौस असते. जिच्या आधारकार्डावर वस्तीचा पत्ता आहे तिला ती ओळखपत्रासारखी लागते.

पुढचा तास कामाचा गेला. मामा तत्त्वावरून खाली उतरले आणि डेस्कवरच्या माणसासारखं बोलू लागले. त्यातलं बरंच कुठल्याही छोट्या व्यावसायिकाला उपयोगी पडेल.

मामा : पहिलं म्हणजे कुणाला सांगायचं ते ठरव. 'संपादक साहेब' म्हणून पाठवलेली नोट कुणाचीच नसते. महिनाभर पेपर वाच, येरवडा-वडगावशेरी भागाच्या बातम्या आणि छोट्या उद्योगांच्या बातम्या कोण लिहितं ते नावानिशी बघ. त्यानं आधी काय लिहिलंय ते वाचून मग फोन कर.

भाची : फोन कधी?

मामा : अकरा ते एक. बातमीदार रात्री उशिरा घरी जातो, सकाळी नवाला उठवलंस तर तुझं नाव डोक्यात राहील, पण चांगल्या कारणानं नाही. दुपारनंतर त्याची बैठक असते, संध्याकाळी सहानंतर पानं लागतात, तेव्हा तर मुळीच नको. आणि रविवारी बातमी दिलीस तर सोमवारच्या अंकात जागा असते. रविवारी सरकारी कचेऱ्या बंद, महापालिका बंद, डेस्क बातमीसाठी हात पसरून बसलेलं असतं. दिवाळीच्या तोंडावर मात्र जाऊ नकोस. जाहिराती आल्या की सगळ्यात आधी तुझी बातमी उडणार.

भाची : नोट पीडीएफ करून पाठवली तर?

मामा : पीडीएफ नको, लेटरहेडचा फोटो तर अजिबात नको. पोराला सगळं पुन्हा टाइप करावं लागतं आणि तिथे नावं चुकतात. मेसेजमध्ये युनिकोड मराठीत सरळ लिही. पाच-सहा ओळी. काय बदललंय, कुणावर परिणाम झालाय, आकडे कुठून आले, आणखी कुणाशी बोलता येईल. आणि छापायच्या आधी मजकूर दाखवा असं म्हणायचं नाही. आकडे एकदा वाचून दाखवाल का, एवढं विचारता येतं. एकाला बातमी दिलीस की त्याला उत्तर द्यायला वेळ दे. त्याच दिवशी दहा जणांच्या ग्रुपवर टाकून मोकळी झालीस, तर पुढच्या वेळी तो फोन उचलणार नाही.

नोटेसोबत भाचीनं दोन फोटो ठेवले होते. पहिल्यात सगळ्या बायका नव्या साड्या नेसून रांगेत उभ्या, मध्ये एक पुढारी, त्यांच्या हातात पुष्पगुच्छ. दुसरा फोटो तिनं पहाटे सहज काढलेला. मोठ्या तव्यावर चार पोळ्या, एका बाईचा हात पोळी उलटताना अर्धवट हललेला, मागे भिंतीला लावलेले पिठाचे कट्टे आणि त्यावर खडूनं लिहिलेले आकडे. मामांनी पहिला उलटा ठेवला आणि दुसरा बराच वेळ पाहिला.

मामा : हा दे. पण यातल्या बाईला विचारलंस का? आणि नोटेत खाली तू एकीची कहाणी लिहिली आहेस, नवऱ्यानं टाकलेली वगैरे. तिला विचारलंस?

भाची : विचारलं. हो म्हणाली.

मामा : तू पगार देतेस. तुला ती नाही कशी म्हणेल?

भाचीनं तो परिच्छेद स्वतःच्या हातानं खोडला. गाळ्यातल्या आणखी एकीला फोटोच नको होता, कारण ती कामाला जाते हे गावाकडच्या सासरी ठाऊक नव्हतं, हेही तिनं तेव्हा सांगितलं. 'महिला सक्षमीकरण' या मथळ्याखाली रोज छापल्या जाणाऱ्या कहाण्यांमधल्या किती जणींना असं वेगळं बसवून विचारलेलं असतं, हा प्रश्न मला तेव्हापासून छळतो आहे. बातमी देणारा आणि बातमी घेणारा दोघेही खूश होतात आणि जिची कहाणी असते तिला दुसऱ्या दिवशी गल्लीतून चालायचं असतं.

त्यानंतर मामांनी बातमीदाराचं डोकं लावून तिला एकेक प्रश्न विचारायला सुरुवात केली. गॅस कुठला? एकोणीस किलोचा व्यावसायिक सिलिंडर, दर महिन्याच्या एक तारखेला त्याचा भाव बदलतो. गव्हाचं पीठ कुठून? पैसे कधी मिळतात? या शेवटच्या प्रश्नावर ती अडखळली.

भाची : कुणाचे महिन्यात येतात, कुणाचे तीन महिने येत नाहीत. बिल दिलं की म्हणतात, सिस्टिममध्ये टाकलंय. पिठाचा दुकानदार माझ्यासाठी सिस्टिम ठेवत नाही, त्याला आठवड्याला रोख लागतात.

मामा : ही बातमी! उद्यम नोंदणी आहे ना तुझी? सूक्ष्म उद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे, करार नसेल तर १५ दिवसांत, असा २००६ चा कायदा आहे. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढीनं. शिवाय २०२४-२५ या कर निर्धारण वर्षापासून आयकरातही अट आली, की अशा छोट्यांचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर तो खर्च प्रत्यक्ष पैसे दिले त्याच वर्षी वजा धरता येईल. दिल्लीत कायदा झाला. तो येरवड्यातल्या पोळीवालीपर्यंत पोचला का, हे कात्रजच्या माणसाला वाचायचंय. तो स्वतः फॅब्रिकेशनचं वर्कशॉप चालवत असेल, त्याचेही पैसे अडकलेले असतील.

भाची : छापून आलं की दुसऱ्या दिवशी माझी ऑर्डर बंद.

मामा : नाव न घालता लिहिता येतं.

भाची : पोळ्या देणाऱ्या आम्ही इथे किती जणी आहोत? त्यांना कळायला अर्धा दिवस लागणार नाही. आणि नाव नसेल तर मला काय मिळालं? कात्रण कुठल्या फायलीला लावू? तुला बातमी मिळाली, पेपरला वाचक मिळाले, कायद्याचं भलं झालं, आणि माझा गाळा बंद पडला.

या जागी दोघांचाही आवाज चढला. मामांचं म्हणणं, जी गोष्ट सांगायला माणूस घाबरतो तिथेच बातमी असते. ती सोडून बाकी सगळं सांगितलं तर ती जाहिरातच, पैसे दिलेले असोत वा नसोत. भाचीचं म्हणणं, धैर्य दाखवायला दुसऱ्याच्या चुलीवर तवा चढवू नका. बातमीदाराला पगार मिळतो, तिच्याकडच्या बायकांना रोजचा पैसा त्याच ऑर्डरवर मिळतो. मी दोघांच्या मध्ये बसून होते आणि मला एक गोष्ट स्पष्ट दिसली. या भांडणाचा निकाल भाचीच्या हातात नाही, तो वर्तमानपत्राच्या हातात आहे. एकटी पोळीवाली पुढे आली तर मरते. बातमीदारानं फॅब्रिकेशनवाला, छपाईवाला, सफाईचं कंत्राट घेणारा, अशा आठ-दहा जणांकडून बिलं गोळा केली, तर कुणा एकाकडे बोट दाखवता येत नाही. भाचीनं त्याला वाट दाखवावी, चालायचं त्यानं. तिची माहिती पार्श्वभूमीपुरती घ्यावी आणि तिचं नाव कुठेही, अगदी ऑफिसातल्या गप्पांतही, निघू नये. हे करायला दोन-तीन आठवडे लागतात, आणि तेवढा वेळ शहर डेस्कनं उद्योगाच्या बातमीदाराला द्यायला हवा. आज तो दिला जात नाही, यात चूक पोळीवालीची नाही.

मामांना हे पूर्ण पटलं नाही. नाव लपवून लढाई होत नाही, असं ते म्हणाले. पण त्यांनी विषय तिथे सोडला आणि पिठाच्या कट्ट्यांवर खडूनं लिहिलेल्या आकड्यांबद्दल विचारलं.

भाची : ते कणकेचे. कुठल्या दिवशी किती भिजवायची ते. मंगळवार, बुधवार, गुरुवार भरपूर. सोमवारी कमी, शुक्रवारी तर निम्मीच. आधी असं नव्हतं, आठवडाभर सारखंच असायचं. आता ही आयटीची मुलं मधले तीन दिवस ऑफिसला येतात आणि बाकीचे दिवस घरून काम करतात. कुठल्या कंपनीनं चार दिवस बोलावायला सुरुवात केली ते मला आधी कळतं, त्यांच्या एचआरनं जाहीर करायच्याही आधी. शुक्रवारच्या पोळ्या वाढतात ना!

मामांनी पेन खाली ठेवलं.

मामा : हे तू नोटेत का लिहिलं नाहीस?

भाची : यात काय लिहायचं? हे तर रोजचंच आहे.

मामा : शुक्रवारी कमी पोळ्या म्हणजे शुक्रवारी तुझ्याकडच्या किती बायकांना काम नसतं?

भाची : निम्म्यांना. आळीपाळीनं घरी बसतात.

मामा : रिक्षावाल्यांचं काय? चहाच्या टपरीचं? येरवड्याच्या मेट्रो स्टेशनचं? ६ मार्च २०२४ ला मेट्रो रामवाडीपर्यंत सुरू झाली तेव्हा येरवडा स्टेशन बंदच होतं, ऑगस्टात उघडलं. तेव्हा कुणी विचारलं नाही की हे स्टेशन उघडल्यावर इथल्या धंद्याचं काय झालं. आता या आकड्यांवरून विचारता येईल. आयटीतला माणूस घरी बसला की त्याच्या मागे येरवड्यात कुणाची मजुरी बुडते, ही बातमी आहे. ती कुठल्याही एजन्सीकडे नाही, कंपनीच्या प्रवक्त्याकडे नाही. ती फक्त तुझ्या खडूच्या आकड्यांत आहे.

भाची : आणि यात माझं नाव येईल?

मामा : येईल. यात तुझं कुणाशी वैर होत नाही. पण एक अट. तो विचारेल तेव्हा वहीच दाखवायची, आकडे फुगवायचे नाहीत. मागच्या महिन्यात ऑर्डर सुटली असेल तर तेही सांगायचं. आणि त्याला दुसऱ्या दोन पोळी-भाजी केंद्रांची नावं द्यायची.

भाची : माझ्या स्पर्धक बायकांची?

मामा : हो. त्यांच्याकडेही शुक्रवारी तेच होत असेल तर ती बातमी. नाहीतर ती फक्त तुझी अडचण. तो पडताळून बघणारच, मग तूच पत्ता दिलेला बरा.

हे भाचीला सगळ्यात जड गेलं. आपण खटपट करून बातमीदाराला आणायचं आणि त्याला शेजारणीच्या दारात पाठवायचं, हे कुठल्याही व्यावसायिकाच्या अंगवळणी पडणारं नाही. पण बातमी आणि जाहिरात यांच्यातला फरक मला इतका स्वच्छ दुसरीकडे कुठे दिसलेला नाही. जाहिरातीत शेजारणीचं नाव घेता येत नाही. बातमी तिच्या नावाशिवाय उभी राहत नाही.

शेवटी तिनं जो मेसेज लिहिला तो असा :

'नमस्कार. मी येरवड्यात लक्ष्मीनगरमध्ये पोळी-भाजी केंद्र चालवते. आमच्याकडून जवळच्या आयटी कार्यालयांना डबे जातात. कर्मचारी आठवड्यातले तीनच दिवस ऑफिसला येऊ लागल्यापासून सोमवार आणि शुक्रवारच्या ऑर्डर घटल्या आहेत आणि शुक्रवारी आमच्याकडच्या निम्म्या बायकांना काम मिळत नाही. रोजच्या ऑर्डरची वही माझ्याकडे आहे, ती पाहता येईल. या भागातल्या आणखी दोन केंद्रांशी तुम्ही बोलू शकता, त्यांना विचारून नंबर देते. पहाटे पाचपासून काम चालू असतं, तेव्हा आलात तर सगळं दिसेल. आमच्यासारख्यांचे पैसे किती दिवसांनी मिळतात हाही एक विषय आहे. त्यावर समक्ष बोलेन, माझ्या नावानं नाही.'

मामांनी शेवटच्या दोन ओळींवर बोट ठेवलं. त्यांच्या मते त्या काढायच्या, नाहीतर नावानिशी लिहायच्या. मधली वाट बातमीदाराला गोंधळात पाडते. भाची म्हणाली, त्या राहतील, कारण त्याच तर मी त्याला सांगायला चाललेय. मेसेज तिनं तसाच ठेवला आणि सोमवारी साडेअकराला पाठवायचा असं ठरवलं. त्याआधी दोन्ही शेजारणींकडे जाऊन त्यांना विचारायचं होतं.